वाचकांचे प्रश्न : सम्राटाच्या पायाखालची चित्रं

प्रश्न : बायझंटाईन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याची कला म्हटलं की सोनेरी ख्रिस्त आणि संत आठवतात. कॉन्स्टॅन्टिनोपलच्या (आजच्या इस्तंबूलच्या) राजवाड्यातल्या जमिनीवरच्या मोझेइकमध्ये, म्हणजे रंगीत कपच्या बसवून केलेल्या चित्रांत, मात्र माकडं, हंस आणि गाढवं. असं का? (वाचक, सांगली)

उत्तर : भिंतीचे नियम वेगळे आणि जमिनीचे वेगळे. सम्राट दुसऱ्या थिओडोसियसच्या राजवटीत, 427 साली निघालेल्या कायद्याने जमिनीवर ख्रिस्ताचं चिन्ह काढायला बंदी घातली, कारण त्यावर पाय पडतो. पायाचा आणि पूज्य वस्तूचा हा संबंध आपल्या वाचकाला समजावून सांगायला नको. सोन्याचं कारण मात्र निव्वळ व्यवहाराचं होतं. सोनेरी कपचीत सोन्याचा वर्ख काचेच्या दोन थरांमध्ये धरलेला असतो. वरची काच अगदी पातळ असते आणि चपलांखाली तिचा टवका उडतो. म्हणून सोनं गेलं भिंतींवर आणि घुमटांत, तर जमिनीला आले चुनखडी, संगमरवर, भाजलेली माती आणि लागेल तिथे थोडी रंगीत काच.

प्रश्न : या चित्रांतून एखादी सलग गोष्ट सांगितली आहे का? प्रत्येक प्राण्याचा काही गूढ अर्थ असतो असं वाचलं. (वाचक, ठाणे)

उत्तर : सलग गोष्ट नाही, आणि गूढ अर्थाचा हव्यासही आवरलेला बरा. ही चित्रं राजवाड्याच्या एका चौकात होती. हा चौक साधारण 66.5 × 55.5 मीटरचा होता, चारही बाजूंनी खांबांच्या पडव्या. मोझेइक होतं ते या पडव्यांच्या जमिनीवर. त्यातलं सुमारे 250 चौरस मीटर, म्हणजे सातवा-आठवा हिस्सा, हाती लागलं. त्यात जवळपास 90 प्रसंग आणि माणसं-जनावरं मिळून दीडशेच्या आसपास आकृत्या आहेत. त्या एकावर एक अशा रांगांत मांडल्या आहेत. मागे डोंगर नाहीत, आकाश नाही. पायापुरता जमिनीचा तुकडा किंवा एखादं झाड, बाकी सगळी पांढरी पार्श्वभूमी. त्यामुळे पडवीतून चालणारा कुठूनही बघायला सुरुवात करू शकतो.

विषय मात्र मोजके आहेत. एक म्हणजे शिकार आणि झुंज : दोघे भालेकरी वाघाला सामोरे जातात, हत्ती सिंहाला सोंडेत आवळतो, पंखवाला ग्रिफिन (गरुडाचं तोंड आणि सिंहाचं धड असलेला काल्पनिक प्राणी) सरडा फाडून खातो. दुसरा विषय खेड्यातला संसार. शेळीची धार काढणारा माणूस, गाढवाला चारा घालणारं पोर, शिंगराला पाजणारी घोडी, हंस राखणारी मुलं. एका खेचराने लाकडांसकट स्वाराला खाली पाडलंय. माकड तर पाठीवर पिंजरा बांधून, हातात लांब काठी घेऊन ताडावरचे पक्षी पकडतंय. ग्रीक पुराणकथाही आहेत, पण थोड्या : रानदेव पॅनच्या खांद्यावर बसलेला मद्यदेव डायोनिससचा बालरूप, वीर बेलेरोफोनच्या प्रसंगातली कायमेरा ही राक्षसी.

नीट बघावं असं चित्र चक्रं फिरवणाऱ्या चार मुलांचं. मुलांच्या अंगरख्यांवर निळ्या आणि हिरव्या रंगाची नक्षी आहे आणि ती दोन खुणेच्या खांबांभोवती धावतायत. निळे आणि हिरवे हे शेजारच्याच हिप्पोड्रोममधल्या रथशर्यतींचे दोन मोठे पक्ष. म्हणजे पोरखेळातही शहराचं राजकारण डोकावतं. गरुड आणि सापाच्या झुंजीला विजयाचा अर्थ लावता येतो, कारण याच विषयाचा कांस्यपुतळा हिप्पोड्रोममध्येही उभा होता. पण शेळीची धार काढणाऱ्याला ‘आत्म्याचं पोषण’ वगैरे ठरवणं म्हणजे ओढाताण. दरबारी लोकांना शिकार आवडे आणि सुखी खेड्याचं चित्र आवडे. एवढा अर्थ पुरे.

प्रश्न : जमिनीत साडेसात कोटी तुकडे होते म्हणतात. हा आकडा येतो कुठून? आणि खाली काय घालत? (वाचक, नाशिक)

उत्तर : आकडा गुणाकारातून येतो. कपची सरासरी 5 मिलिमीटरची, म्हणजे एका मीटरला 200 आणि चौरस मीटरला 40,000. मूळ मोझेइक सुमारे 1,872 चौरस मीटर. गुणाकार साडेसात कोटींच्या घरात जातो.

खालचं काम आजच्या बांधकामवाल्याला ओळखीचं वाटेल. तळाला 30 ते 50 सेंटिमीटर दगडांचं सोलिंग. त्यावर सुमारे 9 सेंटिमीटर चुन्याचा थर. मग माती, चिकणमाती आणि कोळसा यांचा थर, ओल अडवायला. त्यावर विटांच्या तुकड्यांचा घट्ट कोबा आणि सगळ्यात वर कपच्या बसवायचा मऊ गिलावा. आपल्याकडच्या जुन्या घरांतल्या ‘मोझेइक टाइल्स’शी याचं नात्यापुरतंही नातं नाही. त्या सिमेंटमध्ये संगमरवराची खडी घालून साच्यात दाबलेल्या असतात. इथे प्रत्येक तुकडा हाताने बसतो.

प्रश्न : चित्रांमागच्या पांढऱ्या पार्श्वभूमीतली माशाच्या खवल्यांसारखी नक्षी करून बघायची आहे. लहान नमुना कसा करावा? (वाचक, पणजी)

उत्तर : 30 × 30 सेंटिमीटरची चौकट घ्या. 5 मिलिमीटरच्या कपच्या धरल्या तर 3,600 लागतील. पहिल्यांदा 1 सेंटिमीटरच्या 900 पुरेत. कंपासने 5 सेंटिमीटर त्रिज्येची अर्धवर्तुळं काढा, एका ओळीत तीन. पुढची ओळ 5 सेंटिमीटर वर आणि 5 सेंटिमीटर बाजूला सरकवा. प्रत्येक खवल्याची बाहेरची कमान आधी लावा, मग आत एकेक कमान. कपच्या किंचित निमुळत्या कापाव्या लागतात. चौकोनीच लावल्या तर कमानीत त्रिकोणी फटी पडतात. मधे आकृती असेल तर तिची गडद बाह्यरेषा पहिली, तिला लगटून पांढऱ्याच्या दोन-तीन ओळी, आणि मग खवले. हा क्रम उलटा केला की आकृती पार्श्वभूमीत बुडाल्यासारखी दिसते.

गिलाव्याला मुरलेला चुना 1 भाग, सुरखी (विटांची पूड) 1, बारीक वाळू 1. जाडी सव्वा सेंटिमीटर. तास-दीड तासात भरून होईल तेवढाच पसरा. कपच्या आधी भिजवा. कोरडी कपची गिलाव्यातलं पाणी ओढून घेते आणि नंतर निखळते. दोन-तृतीयांश उंची आत जाऊ द्या, मग सपाट फळीने हलके ठोका. कपच्या बुडत असतील तर गिलावा पातळ झालाय. भेगा पडल्या तर चुना जास्त झाला किंवा ऊन लागलं. काम झालं की वर ओलं गोणपाट पसरा आणि ते आठवडाभर हलवू नका. चुना कातडी जाळतो, तेव्हा हातमोजे आणि चश्मा हवाच.

प्रश्न : हे मोझेइक नक्की कधीचं? (वाचक, पुणे)

उत्तर : त्यावर काळ सांगणारा मजकूर लिहिलेला नाही, त्यामुळे वाद आहे. शैलीवरून पाचव्या शतकापासून सातव्यापर्यंतचे अंदाज मांडले गेले. ऑस्ट्रियन संशोधकांनी जमिनीखालच्या भरावातली खापरं तपासून सम्राट जस्टिनियनचा काळ (527–565) सुचवला. जमिनीखाली सापडलेलं खापर जमिनीपेक्षा जुनंच असणार, त्यामुळे शैलीच्या तर्कापेक्षा हा पुरावा भक्कम.

प्रश्न : इस्तंबूलला गेल्यावर बघता येईल का? (वाचक, दुबई)

उत्तर : निळ्या मशिदीमागच्या अरास्ता बाजारात याचं संग्रहालय आहे. दुरुस्तीसाठी ते बंद असू शकतं, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करा. पूर्वी काही भाग काँक्रीटमध्ये बसवले होते, त्यातली ओल आणि क्षार कपच्यांना बाधले. पुढे 1983 पासूनच्या कामात वर कापड चिकटवून अर्धा ते एक चौरस मीटरचे तुकडे कापले आणि मागचं सिमेंट काढून ते हलक्या पाट्यांवर चढवले. या तुकड्यांच्या जोडरेषा शोधून बघा. मूळची रेघ आणि कापलेली रेघ यात फरक कळतो.