टेनिसमधला नंबर वन किती वर्षं टिकतो?

या वेळी टेनिसवर बरेच प्रश्न आलेत आणि बहुतेक सगळे एकाच मुद्द्याभोवती फिरतायत, म्हणून एकत्रच घेतेय.

प्रश्न : माझा आणि दादाचा कायम वाद होतो. तो म्हणतो टेनिसमध्ये कोणीही चार-पाच वर्षांच्या वर राज्य करू शकत नाही, शरीर थकतं आणि नवीन पोरं येतातच. मी म्हणतो फेडरर, नदाल, जोकोविच यांनी पंधरा-पंधरा वर्षं केलंच ना! कोण बरोबर?

उत्तर : दोघंही, पण खरं सांगू का, दादा थोडा जास्त बरोबर आहे. तुम्ही दोघं वेगवेगळ्या गोष्टी मोजताय. तो सलग किती ते मोजतोय आणि तुम्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत किती ते मोजताय.

सलग बघायचं तर पुरुषांमध्ये रेकॉर्ड फेडररचं आहे, 237 आठवडे, फेब्रुवारी 2004 ते ऑगस्ट 2008. म्हणजे साडेचार वर्षं. आजपर्यंतचा सगळ्यात लांब पल्ला एवढाच आहे! जोकोविच एकूण 428 आठवडे नंबर वन होता, इतके आठवडे ना कुठल्या पुरुषाचे ना कुठल्या बाईचे, पण त्याचा सलग असा सगळ्यात मोठा तुकडा 122 आठवड्यांचा. आणि नदालचं तर फारच बोलकं आहे, तो पाच वेळा वर्षअखेरीस नंबर वन राहिला, 2008, 2010, 2013, 2017 आणि 2019, यात लागोपाठची दोन वर्षं एकदाही नाहीत.

आता मधली भोकं बघा. फेडररने 2012 चं विम्बल्डन जिंकलं आणि पुढचं ग्रँड स्लॅम (ऑस्ट्रेलियन ओपन, फ्रेंच ओपन, विम्बल्डन आणि यूएस ओपन या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धांपैकी एक) थेट 2017 च्या ऑस्ट्रेलियन ओपनला, साडेचार वर्षांनी. नदालला 2015 आणि 2016 मध्ये एकही नाही. जोकोविचने 2016 ची फ्रेंच ओपन जिंकली तेव्हा चारही ग्रँड स्लॅम एकाच वेळी त्याच्याकडे होती, यापुढे हाच असं सगळ्यांनी धरून टाकलं, आणि त्यानंतर दोन वर्षं काहीच नाही, कोपर दुखायला लागलं, 2017 च्या विम्बल्डनची क्वार्टर फायनल अर्धवट सोडावी लागली, 2018 च्या सुरुवातीला ऑपरेशन, रँकिंग घसरत 22 वर. तिथून त्याच वर्षीचं विम्बल्डन जिंकून वर्ष संपताना परत नंबर वन. ही पंधरा वर्षांची कारकीर्द लांबून बघितली की एकसंध वाटते, पण जवळून बघितलं तर ती दोन-तीन वेळा पडून परत उभी केलेली आहे. माझ्या मते प्रश्नच थोडा बदलून विचारायला हवा, की वर गेलेला माणूस खाली आल्यावर परत वर जाऊ शकतो का, आणि किती वेळा.

रँकिंगचा हिशोबही लक्षात घ्या. पॉइंट 52 आठवडेच टिकतात. ग्रँड स्लॅम जिंकलं की 2000 मिळतात, पण पुढच्या वर्षी ती स्पर्धा आली की ते गेले, परत तेवढं खेळलात तर परत मिळतील, नाहीतर नाही. नंबर वनच्या खात्यात जुनी पुण्याई नसतेच, फक्त गेल्या एका वर्षाची कमाई असते.

प्रश्न : पण एवढे भारी प्लेअर असूनसुद्धा मध्येच का घसरतात? टॅलेंट तर कुठे जात नाही ना?

उत्तर : टॅलेंट जात नाही हो, पण टॅलेंटमुळे मिळणारा फरकच मुळात इतका बारीक असतो की तो निसटायला फार काही लागत नाही. 2024 मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात फेडररनेच हा आकडा सांगितला होता. त्याने सिंगल्सच्या 1526 मॅच खेळल्या, जवळजवळ 80 टक्के जिंकल्या, पण मॅचमधले पॉइंट? फक्त 54 टक्के! म्हणजे जो माणूस कोर्टवर उतरला की हाच जिंकणार असं वाटायचं तो प्रत्यक्षात शंभरातले 46 पॉइंट हरत होता. मला हा आकडा ऐकल्यापासून टेनिस बघायची नजरच बदलल्यासारखी झाली.

आता यातून तीन टक्के काढून घ्या. पाय अर्धा सेकंद उशिरा पोचला, गुडघ्याच्या भीतीने एका बाजूला पूर्ण वाकता येत नाहीये, सेकंड सर्व्ह (पहिली चुकल्यावर मिळणारी दुसरी) थोडी हळू पडतेय, एवढ्यात तीन टक्के जातात. मग तुम्ही 51 वर आलात आणि तिथे कोणीही कोणालाही हरवू शकतं. बाहेरून बघणाऱ्याला खेळ तसाच दिसतो, शॉट तेच, स्टाइल तीच, मग आपण म्हणतो याला झालंय काय. काही झालेलं नसतं, फक्त तो बारीक फरक गेलेला असतो.

उलटी बाजू 2019 च्या विम्बल्डन फायनलची. फेडररने जोकोविचपेक्षा जास्त पॉइंट जिंकले, 218 विरुद्ध 204. पाचव्या सेटला 8-7, स्वतःची सर्व्ह, 40-15, दोन चॅम्पियनशिप पॉइंट हातात, म्हणजे त्यातला एक जरी घेतला असता तरी विजेता. आणि हरला. त्या मॅचचे तिन्ही टायब्रेक (बरोबरीत अडकलेला सेट ठरवणारा शेवटचा गेम) जोकोविचने घेतले होते. मी फेडररच्या बाजूने होते आणि ती मॅच आठवली की अजूनही पोटात कालवतं, पण टिकणं म्हणजे काय ते त्या मॅचमध्ये जेवढं दिसतं तेवढं दुसरीकडे कुठे दिसत नाही. एकूण पॉइंट कमी असले तरी नेमके कुठले पॉइंट सोडायचे नाहीत हे ज्याला शरीर थकल्यावर पण कळतं तो टिकतो.

आणि दुसरं म्हणजे बदलणं. हे फार अवघड आहे, कारण ज्या खेळाने तुम्हाला सगळं दिलं तोच मोडायचा असतो. फेडरर वर्षानुवर्षं 90 स्क्वेअर इंचाच्या छोट्या रॅकेटने खेळला, त्यावरच बहुतेक ग्रँड स्लॅम जिंकली, आणि तिशी उलटल्यावर 2014 मध्ये 97 वर गेला. त्याचं फळ दिसलं 2017 च्या त्या ऑस्ट्रेलियन ओपनला, गुडघ्यामुळे सहा महिने बाहेर बसून आला होता, वय 35, समोर फायनलला नदाल, तोच नदाल ज्याने त्याच्या बॅकहँडवर उंच उडणारे बॉल टाकून टाकून त्याला वर्षानुवर्षं छळलं होतं. त्या दिवशी फेडरर मागे सरकलाच नाही, बॉल वर येतानाच बॅकहँड मारत राहिला, पाचव्या सेटमध्ये 1-3 असा मागे होता तिथून 6-3 जिंकला. जोकोविचचंही तसंच, 2010 च्या आसपास त्याची सर्व्ह बिघडलेली, डबल फॉल्ट (सर्व्हचे दोन्ही प्रयत्न चुकून पॉइंट जाणं) वर डबल फॉल्ट, आणि तिशीनंतर तीच सर्व्ह त्याचं हत्यार झाली, त्यामुळे लांब लांब रॅली खेळून पाय झिजवायची गरज कमी झाली. नदालने पण नंतर नंतर पॉइंट लवकर संपवायला सुरुवात केली. जो चोवीस वर्षांचा असताना होतो तोच मी चौतिसाव्या वर्षी आहे असं मानून खेळणारा टिकत नाही.

प्रश्न : आधीच्या काळात असं नव्हतं का? बोर्ग, मॅकेन्रो वगैरे तर लवकर संपले.

उत्तर : संपले म्हणण्यापेक्षा त्यांनी सोडलं किंवा त्यांच्याकडून सुटलं. बोर्गने 1976 ते 1980 सलग पाच विम्बल्डन जिंकली, एकूण 11 ग्रँड स्लॅम, आणि वयाच्या 26 व्या वर्षी निवृत्ती जाहीर केली. मॅकेन्रोचं 1984 हे वर्ष बघा, 82 विजय आणि फक्त 3 पराभव, पण त्या तीनपैकी एक फ्रेंच ओपनची फायनल होती, लेंडलविरुद्ध पहिले दोन सेट जिंकून हरला. त्याच वर्षी यूएस ओपन जिंकली तेव्हा तो 25 वर्षांचा होता आणि ते त्याचं शेवटचं सिंगल्स ग्रँड स्लॅम ठरलं. एवढ्या उंचीवरून!

सॅम्प्रस वेगळा, 1993 ते 1998 सलग सहा वर्षं वर्षअखेरीस नंबर वन, पण त्याला फ्रेंच ओपन कधीच मिळाली नाही, सेमीफायनलच्या पुढे गेलाच नाही तो तिथे. त्या काळात ग्रास (विम्बल्डनचं गवत) आणि क्ले (फ्रेंच ओपनची माती) हे जवळजवळ दोन वेगळे खेळ होते. बोर्गने 1980 मध्ये फ्रेंच आणि विम्बल्डन एकाच वर्षी जिंकल्यावर पुरुषांमध्ये परत ते व्हायला 2008 उजाडलं, नदालने केलं. मग 2009 ला फेडरर, 2010 ला परत नदाल, 2021 ला जोकोविच, 2024 ला अल्काराझ. 28 वर्षं कोणालाच नाही आणि मग रांगच लागली. माणसं एकदम ग्रेट झाली म्हणून नाही फक्त, विम्बल्डनचं गवत 2001 पासून बदललं, पूर्ण रायग्रासचं झालं, बॉल जास्त उंच उडायला लागला, पॉलिस्टरच्या तारांमुळे कुठूनही टॉपस्पिन मारता यायला लागला, आणि बेसलाइनवरून, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेवरून, खेळणारा सगळीकडेच जिंकू शकायला लागला.

अजून एक गोष्ट फारशी कोणी बोलत नाही. ग्रँड स्लॅममध्ये आधी 16 मानांकनं (वरचे खेळाडू सुरुवातीलाच एकमेकांना भिडू नयेत म्हणून दिलेले क्रमांक) असायची, 2001 च्या विम्बल्डनपासून 32 झाली. म्हणजे आता पहिल्या नंबरच्या खेळाडूला तिसऱ्या राउंडपर्यंत दुसरा कोणी मानांकित भेटूच शकत नाही. आधी सतराव्या क्रमांकाचा भरात असलेला माणूस पहिल्याच राउंडला समोर येऊ शकत होता. याने फेडरर, नदाल, जोकोविच या तिघांचं मोठेपण तसूभरही कमी होत नाही असं मला मनापासून वाटतं, पण वरच्याला वर राहायला आता पूर्वीपेक्षा थोडी मदत आहे हेही मान्य करायला हवं.

प्रश्न : बायकांच्या टेनिसमध्ये दर वर्षी नवीन चॅम्पियन येते, तिथे वर्चस्व शक्यच नाही का?

उत्तर : असं अजिबात नाही. स्टेफी ग्राफ एकूण 377 आठवडे नंबर वन होती. सलग 186 आठवडे तिचे आणि तेवढेच सेरेना विल्यम्सचे. सेरेनाचं पहिलं ग्रँड स्लॅम 1999 चं आणि तेविसावं 2017 चं, मध्ये सतरा वर्षांहून जास्त, आणि ते शेवटचं जिंकताना ती गरोदर होती! नवरातिलोवा 1983 मध्ये 86 जिंकली, 1 हरली, आणि तिने तब्येतीवर जी मेहनत घेतली ती त्या काळात टेनिसमध्ये कोणी घेत नव्हतं, पुढच्या सगळ्यांनी तिच्याकडून उचललं. हल्लीची श्व्हियाँतेक, 2022 मध्ये सलग 37 मॅच जिंकली.

हां, बायकांचं बेस्ट ऑफ थ्री (तीनपैकी दोन सेट घेतले की मॅच, पुरुषांना पाचपैकी तीन) असल्यामुळे ग्रँड स्लॅममध्ये एक वाईट तास महागात पडतो, पुरुषांना दोन सेट गेल्यावर पण सावरायला वेळ मिळतो, तो फरक आहे.

आणि मोनिका सेलेसचं नाव घेतल्याशिवाय हे उत्तर मला संपवता येत नाही. वीस वर्षांची व्हायच्या आत 8 ग्रँड स्लॅम. 30 एप्रिल 1993 ला हॅम्बुर्गमध्ये मॅच चालू असताना एका माणसाने येऊन तिच्या पाठीत सुरा खुपसला. ती दोन वर्षांहून जास्त खेळली नाही, परत आली, 1996 ची ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली, आणि ते शेवटचं. कोण किती वर्षं टिकलं याच्या याद्या बघताना मला दर वेळी ती आठवते.

प्रश्न : अल्काराझ की सिनर, पुढची दहा वर्षं कोणाची?

उत्तर : 2024 आणि 2025 मिळून आठ ग्रँड स्लॅम झाली आणि आठही या दोघांनी वाटून घेतली, चार-चार. तेव्हा एकाचीच दहा वर्षं असं मला तरी दिसत नाही. 2025 ची फ्रेंच फायनल 5 तास 29 मिनिटं चालली, सिनरकडे तीन चॅम्पियनशिप पॉइंट होते, अल्काराझने वाचवले आणि जिंकला, आणि पाच आठवड्यांनी सिनरने त्यालाच विम्बल्डनच्या फायनलला हरवलं. असा प्रतिस्पर्धी समोर असला की ट्रॉफ्या वाटल्या जातात पण माणूस ढिला पडत नाही, नदाल नसता तर फेडररने तो बॅकहँड बदलला असता का? माझी काळजी वेगळीच आहे, दोघं ज्या वेगाने धावतात, घसरत जाऊन बॉल काढतात, ते पाय आणि कंबर तिशीपर्यंत किती साथ देतील. जो आधी स्पर्धा कमी करायला शिकेल त्याच्यावर मी पैज लावेन.

प्रश्न : माझी मुलगी 13 वर्षांची आहे, तिच्या वयोगटात दोन वर्षं कोणाला हरलेली नाही. ती अशीच पुढे राहावी म्हणून काय करू?

उत्तर : ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. अमेरिकेची जेनिफर कॅप्रिआती 13 व्या वर्षी प्रो (व्यावसायिक खेळाडू) झाली, 16 व्या वर्षी ऑलिम्पिक गोल्ड, आणि 17 व्या वर्षी खेळ बाजूला ठेवावा लागला इतकं सगळं अंगावर आलं. नंतर महिला टेनिसने कमी वयाच्या मुलींनी वर्षात किती स्पर्धा खेळायच्या यावर मर्यादाच घातली. कॅप्रिआती 2001 मध्ये परत येऊन ग्रँड स्लॅम जिंकली, पण मधली वर्षं गेलीच.

तेव्हा तिला आत्ता तिच्यापेक्षा मोठ्या मुलींशी खेळू द्या, हरू द्या, आणि हरून आल्यावर घरी त्या दिवशी टेनिसचा विषय काढू नका. वर्षातून सलग काही आठवडे रॅकेट पूर्ण बंद. खांदा किंवा कंबर दुखते म्हणाली तर ती स्पर्धा सोडा, कितीही मोठी असली तरी. बाकी सर्व्ह, बॅकहँड वगैरे तिचे कोच बघतील.