मक्यातली अळी आणि ज्वारीतली अळी एकच का?

प्रश्न : दादा, मी मोहोळ तालुक्यातला. खरिपात दोन एकर मका होता, लष्करी अळीनं पोंगे (मधली गुंडाळलेली कोवळी पानं) पार चाळणी केले. आता बांधाला लागून मालदांडी ज्वारी पेरलीय, उगवून वीस दिवस झाले. मेव्हणे म्हणतात मक्याची अळी मक्यातच राहती, ज्वारीची जात वेगळी, उगं घाबरू नको. खरंच एका किड्याच्या पिकाप्रमाणं जाती पडतात का?

उत्तर : भाऊ, मेव्हण्यांचं निम्मं खरंय, पण ते निम्मं तुमच्या रानाला लागू होत नाही.

जाती पडतात. अमेरिकेत हॉथॉर्न म्हणून एक काटेरी झाड आहे, त्याच्या फळात अंडी घालणारी एक माशी होती. युरोपातल्या लोकांनी तिकडं सफरचंद नेलं आणि १८६० च्या दशकात न्यूयॉर्क भागात हीच माशी सफरचंदात सापडायला लागली. आता गंमत बघा, सफरचंद पिकतं हॉथॉर्नच्या तीन-चार आठवडे आधी, माशीचं आयुष्य जेमतेम महिनाभर, आणि नर-मादीची गाठ पडती ती फळावरच, म्हणजे सफरचंदवाल्यांची लग्नं उरकेपर्यंत हॉथॉर्नवाल्यांचा मांडवसुद्धा पडलेला नसतो. दर पिढीला चार ते सहा टक्के सरमिसळ होते, तरी दोघींच्या जीन्समध्ये फरक पडलाय. दिसायला मात्र डिट्टो सेम.

म्हणजे नुसतं वेगळं पीक खाऊन जात फुटत नाही. जोडी कुठं आणि कधी जमते त्यावर सगळं आहे.

आता आपली अळी. तिच्याही मूळ अमेरिकेत दोन जाती, एक मक्याची, एक भाताची. मक्याचे पतंग रात्री लवकर जुळतात, भाताचे उशिरा. पण २०१८ मध्ये ती कर्नाटकातून भारतात शिरली आणि इथल्या अळ्यांचा डीएनए तपासला तर भलताच घोळ निघाला. आईकडून येणारा डीएनए बऱ्याच अळ्यांत भातवाल्या जातीचा, दुसऱ्या जीनवरची खूण मक्यावाल्या जातीची, आणि अळी सापडली मक्यावर! म्हणजे सोयरीक आधीच झालेली. वर पतंग वाऱ्याच्या साथीनं एका रात्रीत शंभर किलोमीटर जाऊ शकतो, त्याला तुमचा बांध काय अडवणार?

तेव्हा मक्यातलीच ज्वारीत येणार असं धरून चाला. सकाळी एखादा पोंगा हातानं उघडा, आत ओल्या भुशासारखी विष्ठा असेल तर अळी खाली बसलेलीच असते. डोक्यावर इंग्रजी वाय उलटा काढल्यासारखी पांढुरकी खूण आणि शेपटीजवळ चौकोनात चार काळे ठिपके दिसले की तीच. बारकी असतानाच आवरा, एकदा मोठी होऊन पोंग्यात बसली की फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढून पकडणारे) लावून पतंग मोजत जा. आणि मक्याचं रान तसंच पडलं असेल तर आधी नांगरट करा, कोष तिथंच मातीत दोन-तीन इंचावर असतात, वर आले की बगळे-साळुंक्या टिपतात.