टर्मिनलमध्ये दिसणारं व्हेरिएबल चाइल्ड प्रोसेसला का मिळत नाही?

तुमची अडचण मला अशी समजली: बॅशमध्ये (टर्मिनलमधल्या कमांड चालवणाऱ्या शेलमध्ये) 'डीबी_पोर्ट=५४३२' लिहिलं, इको केल्यावर व्हॅल्यू दिसते, पण तिथूनच चालवलेल्या पायथॉन प्रोग्रामला, म्हणजे शेलच्या चाइल्ड प्रोसेसला, ते व्हेरिएबल सापडत नाही. शिवाय पायथॉन पुढे जी शेल स्क्रिप्ट चालवतो, तिलाही ते हवंय.

आधी 'एक्स्पोर्ट' कमांड वापरा, म्हणजे ते व्हेरिएबल शेलमधून चालवलेल्या प्रोग्रामनाही मिळेल. नुसतं नाव आणि व्हॅल्यू लिहिली तर ते व्हेरिएबल शेलपुरतंच राहतं. इकोवर विसंबू नका, कारण डॉलरच्या जागी व्हॅल्यू शेल स्वतःच भरतो आणि मग इको चालतो. त्यापेक्षा प्रिंटएन्व्ह वापरा. तो वेगळा प्रोग्राम आहे, त्यामुळे जे खरंच पुढे जातं तेवढंच दाखवतो. एकाच कमांडपुरतं हवं असेल तर त्याच ओळीत कमांडच्या आधी लिहिलं तरी चालतं.

लिनक्समध्ये नवा प्रोग्राम सुरू करणाऱ्या एक्झेकव्हीई या सिस्टिम कॉलला तीन गोष्टी द्याव्या लागतात: प्रोग्रामचा पाथ, आर्ग्युमेंट्स आणि एन्व्हायर्न्मेंटची, म्हणजे पुढे द्यायच्या व्हेरिएबल्सची, यादी. ही यादी चाइल्डला सुरुवातीलाच मिळते, तीही कॉपी म्हणून. नंतर पॅरेंटने काही बदललं तर चाइल्डला कळत नाही, आणि चाइल्डने बदललेलं पॅरेंटकडे परत येत नाही. स्क्रिप्टमधल्या एक्स्पोर्टचा परिणाम चालू शेलवर हवा असेल तर 'सोर्स' (म्हणजे स्क्रिप्ट वेगळ्या प्रोसेसऐवजी चालू शेलमध्येच चालवणं) का करावं लागतं, ते इथे समजतं.

आता पायथॉन. दुसरा प्रोग्राम चालवणाऱ्या सबप्रोसेस.रन ला 'एन्व्ह' हे आर्ग्युमेंट दिलं की ते जुन्या यादीत मिसळत नाही, पूर्ण यादीच बदलतं. यात माझा अख्खा दिवस गेला होता. मी एकाच व्हेरिएबलची डिक्शनरी दिली होती. टर्मिनलमधून व्यवस्थित चालणारी स्क्रिप्ट तिथे मात्र माझ्या होममधल्या बिन फोल्डरमधली कमांड सापडत नाही म्हणून थांबायची. मी फाइलचं नाव, परमिशन सगळं तपासत बसलो. शेवटी स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत एन्व्हायर्न्मेंट दाखवणारी 'एन्व्ह' कमांड टाकली. आउटपुटमध्ये माझं एक व्हेरिएबल होतं, आणि बॅशने स्वतः टाकलेली पीडब्ल्यूडी, एसएचएलव्हीएल अशी दोन-तीन. पाथ (कमांड कुठल्या फोल्डरांत शोधायची ती यादी), होम, लँग, काहीच नाही!

म्हणून ओएस.एन्व्हायरॉनची (पायथॉनला मिळालेल्या एन्व्हायर्न्मेंटची) कॉपी घ्या, तिच्यात तुमचं व्हेरिएबल घाला आणि ती कॉपी 'एन्व्ह' म्हणून द्या. व्हॅल्यू स्ट्रिंगच हवी. ५४३२ हा आकडा इंटिजर म्हणून दिलात तर टाइपएरर येईल. तुमच्या बाबतीत मात्र नवीन काही घालायचंच नाहीये, तेव्हा 'एन्व्ह' देऊच नका. पायथॉनला मिळालेलं सगळं स्क्रिप्टला आपोआप मिळेल.

डेटाबेसचा पासवर्डही असाच पाठवणार असाल तर जरा थांबा. तो पुढच्या प्रत्येक चाइल्डकडे जातो, आणि त्याच युजरच्या इतर प्रोसेसना स्लॅश प्रॉकमधल्या (लिनक्समध्ये चालू प्रोसेसची माहिती दिसते त्या फोल्डरमधल्या) 'एन्व्हायरॉन' फाइलमधून वाचता येतो. पासवर्डसाठी मी फक्त त्या युजरला वाचता येईल अशी वेगळी फाइल ठेवतो आणि एन्व्हायर्न्मेंटमधून तिचा पाथ तेवढा पाठवतो.