घाम वाळला पाहिजे, नुसता गळून उपयोग नाही

प्रश्न : सैन्यभरतीची तयारी करतोय. भरतीला उन्हात पळावं लागेल म्हणून रोज अकराच्या उन्हात १६०० मीटर जोरात पळतो. चालेल का? (वय १९, येळ्ळूर)

उत्तर : शरीर उन्हाला सरावतं, हे तुझं म्हणणं खरं. पण त्याला ७ ते १४ दिवस लागतात. तेवढ्यात रक्तातला पाण्याचा अंश वाढतो, घाम लवकर सुटू लागतो आणि घामावाटे मीठ कमी जातं. पहिल्याच दिवशी अकराच्या उन्हात जीव तोडून पळालास, तर शरीराला ही सवड मिळतच नाही. वेगाचा सराव पहाटे कर. उन्हाची सवय वेगळी लाव : आधी नऊच्या सुमारास १५ मिनिटं सावकाश पळ, मग दोन-तीन दिवसांनी पाच-पाच मिनिटं वाढव. सोबतीला मित्र हवाच.

बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर आहे, संध्याकाळी वारा सुटतो. त्यामुळं ‘आपल्याकडं कुठं ऊन लागतंय’ असं आपण सहज म्हणतो. पण पळताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात, तिचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग उष्णता होतो. हवा बरी असली तरी आतली चूल पेटलेलीच असते. वळीव पडून गेल्यावर तर जास्तच जपायचं. हवा गार वाटते, पण दमट असते. बनियन पिळलं तर पाणी निघतं आणि अंग मात्र तापलेलंच राहतं, कारण गारवा घाम वाळल्यानं मिळतो.

प्रश्न : वजनी गटातल्या कुस्तीसाठी दोन किलो उतरवायचेत. रेनकोट घालून पळतो. तालमीत व्यायाम करताना पाणी प्यायचं नाही, असा नियम आहे. (निपाणी)

उत्तर : रेनकोट आजच काढून ठेवा, अगदी कळकळीनं सांगतो. त्यात घाम वाळायला जागाच नसते. उतरतं ते पाणी, चरबी नाही. १९९७ साली अमेरिकेत महिना-दीड महिन्यात तीन कॉलेजचे पहिलवान असंच वजन उतरवताना दगावले. त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत घाम कोंडणाऱ्या रबरी सूटवर बंदी आली.

माझ्याकडे एकदा असाच एक पोरगा खांद्यावरून आणला होता. दोन्ही मांड्यांत गोळे आलेले, हात लावला तर लाकूड. सकाळपासून पाण्याचा घोट नव्हता. तो वाचला, पण प्रत्येकाच्या बाबतीत वेळ हाताशी असतेच असं नाही.

वस्तादांचा मान राखूनच त्यांच्यापुढं वजनकाटा ठेवा. व्यायामाआधी आणि नंतर, अंग पुसून वजन करा. एक किलो घटलं म्हणजे साधारण एक लिटर घाम गेला. ७० किलोच्या माणसाचं दीड किलो घटलं की ताकद आणि चपळाई दोन्ही उतरतात. हा हिशेब कुठल्याही वस्तादांना पटेल. दर १५-२० मिनिटांनी चार-पाच घोट प्या. वजन कमी करायचंच असेल तर काही आठवडे आधीपासून आहारातून करा.

प्रश्न : रक्तदाबाची ‘पाण्याची गोळी’ चालू आहे. व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात रोज चालते. पाणी किती प्यावं? (वय ६४, टिळकवाडी)

उत्तर : काकू, ही गोळी लघवीवाटे पाणी आणि मीठ बाहेर काढते, त्यात घामाची भर पडते. वयोमानानं तहानही उशिरा कळते. म्हणून निघण्याआधी एक पेला पाणी प्या आणि ऊन चढायच्या आत घरी परता. लघवी गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडतंय असं समजा. उभं राहताना चक्कर आली तर डॉक्टरांना दाखवा, गोळी आपल्या मनानं बंद करू नका. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर पाण्याचं प्रमाण त्यांनाच विचारा.

प्रश्न : ताक, उसाचा रस की बाटलीतलं एनर्जी ड्रिंक? (चिकोडी)

उत्तर : तासाभराच्या व्यायामाला साधं पाणी पुरतं. नंतर मीठ घातलेलं ताक उत्तम. उसाचा रस मधुमेह्यांनी टाळावा. दोन-तीन तास सायकल चालवणाऱ्यांनी मात्र नुसतं पाणी ढोसत राहू नये, रक्तातलं मीठ पातळ होऊन भोवळ येते, झटकेही येऊ शकतात. ओआरएसची पुडी जवळ ठेवा. ती नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि मीठ याहून जास्त नको.

प्रश्न : मैदानावर कुणी कोसळलं तर? (खानापूर)

उत्तर : बरळतोय, ओळखत नाही, अंग भाजतंय, तर तो उष्माघातच समजा. घाम येतोय म्हणून निर्धास्त राहू नका, व्यायामातल्या उष्माघातात अंग ओलं असू शकतं. एकानं १०८ ला फोन करावा, बाकीच्यांनी त्याला सावलीत नेऊन कपडे सैल करावेत आणि बादल्यांनी गार पाणी ओतत राहावं. मान, काखा आणि जांघेत बर्फ ठेवा, टॉवेलनं वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. गाडी येईपर्यंत हात थांबवू नका. आणि तो बरा होऊन घरी आला तरी डॉक्टर सांगेपर्यंत त्याला मैदानात उतरू देऊ नका.