बेसबॉल कार्डांच्या शोला पहिल्यांदा जाताना

खेळाडूंची चित्रं असलेली ही जमवायची कार्डं शोमध्ये टेबलाटेबलांवर विकायला असतात. आत शिरल्या शिरल्या पहिल्याच टेबलावर खिसा रिकामा करू नका. आधी पूर्ण हॉल फिरा. तेच कार्ड चार टेबलांवर चार भावांत दिसेल. लेबलवरची किंमत ही विक्रेत्याने मागितलेली असते. खरा भाव ईबेवर 'सोल्ड' (विकून झालेल्या वस्तू) हा फिल्टर लावून, त्याच अवस्थेतल्या कार्डाचा बघावा.

सोबत रोख, दहापट मोठं दाखवणारी लूप (छोटं भिंग) आणि त्याच सेटचं एखादं स्वस्त कार्ड ठेवा. टॉप्स या कार्ड छापणाऱ्या कंपनीची १९५२ ते १९५६ ची कार्डं २⅝ × ३¾ इंच; १९५७ पासून २½ × ३½. संशयित कार्ड स्वस्त कार्डावर ठेवलं की छाटलेलं (कडा नव्या दिसाव्यात म्हणून कापलेलं) असेल तर खालच्या कार्डाची कड बाहेर दिसते. पण कारखान्यातली कापणीही कमीजास्त व्हायची, म्हणून कडही बघा: जुन्या कार्डाची एकच कड पांढरीशुभ्र, धारदार असेल तर सोडून द्या. लूपखाली नावाची अक्षरंसुद्धा ठिपक्यांची दिसली, तर बहुधा पुनर्मुद्रण. १९५२ च्या टॉप्स सेटमधल्या मिकी मँटल या खेळाडूच्या कार्डाच्या (क्र. ३११) अशा नकला ढिगाने फिरतात.

घेतलेलं कार्ड आधी पातळ स्लीव्हमध्ये (मऊ प्लास्टिकचं पाकीट), मग टॉपलोडरमध्ये (कडक प्लास्टिकचं कवच). थेट टॉपलोडरमध्ये सरकवलं की कोपरे घासतात. स्लीव्हच्या तोंडाचा एक कोपरा कात्रीने तिरका कापा, कार्ड अडकत नाही.

१९८७-९३ च्या कार्डांच्या न फोडलेल्या पेट्या स्वस्त दिसतील. छपाई अफाट झालेली, म्हणून भाव मिळायची आशा न धरता हौस म्हणून फोडा. घासाघीस रविवारी दुपारी, शो संपत आला की करा. खोकी परत गाडीत चढवायचा विक्रेत्यांनाही कंटाळा असतो.