आंब्याचा फोटो आणि आठ सेकंद

प्रश्न : आमची देवगडला हापूसची बाग आहे. सालीवरचे डाग ओळखणारं मॉडेल मी पायथनमध्ये केलं. लॅपटॉपवर झटपट चालतं, पण फास्टएपीआयवर (पायथनचा प्रोग्राम नेटवरून वापरता यावा यासाठीचं साधन) चढवल्यापासून दर फोटोला आठ सेकंद लागतात. पडवीत पेट्या भरणाऱ्या बायका खोळंबून राहतात. कोड सोबत जोडला आहे.
— एक वाचक, देवगड

उत्तर : कोड नीट वाचला. मॉडेलची फाईल उघडणारी ओळ तुम्ही अंदाज काढणाऱ्या फंक्शनच्या आतच लिहिली आहे. म्हणजे दर आंब्यामागे सगळं मॉडेल डिस्कवरून नव्याने वाचलं जातं. ती ओळ बाहेर काढा; सर्व्हर सुरू होतानाच ते एकदा मेमरीत येऊ दे. माझ्याही पहिल्या सर्व्हिसमध्ये हीच चूक होती, सापडेपर्यंत दोन रात्री गेल्या.

फंक्शन जिथे सुरू होतं, त्या 'डेफ' शब्दाआधीचं 'असिंक'ही काढा. मॉडेलचं गणित चालू असताना त्यामुळे दुसऱ्या फोनची विनंती अडून राहते. साधं 'डेफ' फास्टएपीआय वेगळ्या थ्रेडमध्ये, म्हणजे बाकीच्या विनंत्या न अडवता बाजूला, चालवतं.

बागेत रेंज जेमतेम असते, तेव्हा फोटो फोनवरच लहान करून पाठवा. आणि एक कळकळीने सांगते : आतला साका (गर पांढरट, स्पंजासारखा होण्याचा दोष) सालीच्या फोटोत दिसत नाही. गिऱ्हाइकाला तसा शब्द देऊ नका.