बुर्ज खलिफावर आईला घेऊन जावं का? साध्या मोबाइलवर शहराचे फोटो येतात का?

भाऊ, तुमचा प्रश्न असा: डिसेंबरात आईला घेऊन वणीजवळच्या गावातून दुबईला बहिणीकडे चाललात. बुर्ज खलिफाचं तिकीट महाग आहे, तर ते काढावं का, काढलं तर कितव्या मजल्याचं, आणि साध्या मोबाइलवर वरून फोटो नीट येतील का? मी यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी लग्नाचे फोटो काढतो, आणि बुर्जवर जाऊन आलोय. माझं मत विचाराल तर तिकीट काढाच, पण १२४व्या मजल्याचं काढा आणि वेळ सूर्यास्ताच्या तासभर आधीची घ्या. ही वेळ साधली की साधा मोबाइलही पुरतो.

कारण सांगतो. वर बराचसा वेळ तुम्ही काचेच्या आत असता. भर दुपारी बाहेर झगझगीत ऊन आणि आत अंधार, म्हणून शहर आलं तर आईचा चेहरा काळा, चेहरा आला तर बाहेर नुसतं पांढरं. पूर्ण रात्र झाली की उलटं होतं. काचेचा आरसा बनतो आणि फोटोत शहराऐवजी आतले दिवे नि मागची गर्दी येते. सूर्य बुडाल्यावर साधारण वीस-पंचवीस मिनिटं अशी असतात की बाहेरचा उजेड आणि आतले दिवे एकाच जोराचे होतात. आकाश गडद निळं, रस्त्यांवर दिवे लागलेले, तरी इमारतींच्या कडा दिसतात. गोरज मुहूर्ताची लग्नं मला याचसाठी आवडतात. त्या वेळी नवरी-नवऱ्याचे चेहरे, मांडवातली रोषणाई आणि मागचं आभाळ, तिन्ही एका फोटोत मावतं. दुबईत वर तेच घडतं.

डिसेंबरात तिथे सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, म्हणजे घड्याळात जवळपास आपल्या इकडच्यासारखाच (त्यांचं घड्याळ दीड तास मागे आहे, ते वेगळं). साडेचारची वेळ घेतलीत तर रांग, तपासणी, लिफ्ट धरून वेळेत पोचाल. लिफ्ट सेकंदाला १० मीटर चढते, मिनिटभरात वर. आईंचे कान बंद झाल्यासारखे होतील, त्यांना आवंढा गिळायला सांगा. आणि इंटरनेटवर दिलेली सूर्यास्ताची वेळ जमिनीवरची असते. इतक्या उंचीवर सूर्य थोडा जास्त वेळ दिसतो. २०११ साली रमजानमध्ये दुबईच्या मुफ्तींनी सांगितलं होतं की ८०व्या मजल्यापासून वर राहणाऱ्यांनी रोजा दोन मिनिटं उशिरा सोडावा आणि १५०व्याच्या वरच्यांनी तीन मिनिटं. सूर्य बुडाला की बरीच मंडळी परत फिरतात. तुम्ही तेव्हाच काचेजवळची जागा धरा.

त्याआधीचा वेळही वाया जात नाही. वर पोचलात की पहिले पूर्वेच्या बाजूला जा. कलत्या उन्हात बुर्जची सावली शहरावर लांबच लांब पडलेली दिसते. हा फोटो फक्त तिथूनच मिळतो, आणि फार कमी लोक तो काढतात. मग पश्चिमेला या. डिसेंबरात सूर्य शेख झायेद रस्ता आणि पाम जुमेरा बेट आहे त्या अंगाला उतरतो. तो आडवा उजेड चेहऱ्यावर सुंदर पडतो. आईंना काचेकडे पाठ करून उभं करू नका. काचेला खांदा लावून, चेहरा अर्धा बाहेर वळवून उभं करा. त्या बघत असतानाच फोटो काढा, "इकडे बघ" म्हणू नका.

आता मजल्याचं. बुर्ज ८२८ मीटर उंच आहे. १२४वा मजला ४५२ मीटरवर आहे, १४८वा ५५५ मीटरवर. १४८चं तिकीट बरंच महाग. तिथे गर्दी कमी असते हे खरं, पण फोटोसाठी ती जास्तीची उंची मला पटत नाही. तिथून चाळीस मजली इमारतीही सारीपाटावरच्या सोंगट्यांसारख्या दिसतात, त्यांची उंचीच कळत नाही. रामटेकच्या गडावरून खिंडसी तलाव इतका छान का दिसतो? तर जवळ गडाची भिंत असते, मग झाडं, मग पाणी. डोळ्याला पायऱ्या मिळतात. शहराच्या फोटोतही जवळचं काहीतरी ठेवा: काचेची चौकट, कठडा, आईंचा हात.

मोबाइलचं तंत्र थोडकंच आहे. फ्लॅश बंद. काच रुमालाने पुसा आणि कॅमेरा काचेला अगदी टेकवा, मधे फट ठेवू नका. काळी शाल किंवा ओढणी सोबत न्या आणि मोबाइलभोवती धरा, आतल्या दिव्यांचं प्रतिबिंब जातं. तुम्ही स्वतः गडद शर्ट घाला, पांढरा काचेत चमकतो. सर्वांत रुंद दिसणारी लेन्स टाळा, साधी १एक्स वापरा. पडद्यावर दिव्यांवर बोट ठेवून उजेड थोडा खाली ओढा, नाहीतर दिवे फोटोत नुसते पांढरे डाग होतात. नाइट मोडला हात स्थिर लागतो, म्हणून तीन सेकंदांचा टायमर लावा. ट्रायपॉड वर नेऊ देत नाहीत. कोणाचा मोठा कॅमेरा नेणार असाल तर पोलरायझर फिल्टर (चमक कमी करायला लेन्सवर लावतात ती काच) काढून ठेवा. तो उजेड खातो आणि अशा काचेतून कधी कधी इंद्रधनुष्यासारखे डाग पाडतो.

हवेचं मात्र बघून घ्या. डिसेंबर उन्हाळ्यापेक्षा कितीतरी बरा, पण तिथेही धूळ असते, सकाळी धुकं पडतं. इकडे पऱ्हाट्या जाळायच्या दिवसांत वावरापलीकडचं गाव जसं पुसट होतं, तसं शहर धूसर झालं तर दूरचं सोडून द्या आणि थेट खालचे रस्ते, तलाव, कारंजी टिपा.

एक गोष्ट बहिणीला आधीच सांगून ठेवा: बुर्जवरून काढलेल्या फोटोत बुर्ज नसतो. गावात दाखवायला तो टोकापर्यंत दिसणारा फोटो हवा असेल तर वेगळ्या संध्याकाळी दुबई फ्रेमवर (फोटोच्या चौकटीसारखी बांधलेली इमारत) जा. ती १५० मीटरचीच आहे, तिकीट स्वस्त आहे. एका बाजूला जुनी दुबई दिसते, दुसऱ्या बाजूला बुर्जसकट नवी. दोन्हींपैकी एकालाच पैसे पुरत असतील आणि आईंना रांगेत फार उभं राहवत नसेल, तर मी फ्रेमच निवडेन.